टेनेरिफेचे सात दिवस आणि एक मोकळा रकाना

हा एपिसोड ऐकायला ज्यांना वेळ मिळत नाही, लोकलच्या गर्दीत इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. थोडं इकडचं तिकडं केलंय, बाकी बोलण्यातली भाषा तशीच आहे.

आजचा विषय आहे टेनेरिफे. स्पेनचं बेट. आता नकाशात स्पेनच्या आसपास शोधाल तर सापडणार नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण तीनशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात कॅनरी बेटांचा एक पुंजका आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे टेनेरिफे. देश स्पेन, हवा मात्र वेगळीच. डिसेंबर-जानेवारीत अख्खा युरोप गारठलेला असतो, तेव्हा इथं किनाऱ्यावर लोक टी-शर्टवर फिरत असतात. आणि बेटाच्या मधोमध तेइदे नावाचा ज्वालामुखी उभा आहे, ३,७०० मीटरहून उंच. स्पेनमधलं सगळ्यात उंच शिखर हेच.

मी म्युनिकला नोकरी करतो. मागच्या वर्षी आई-बाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. ऑक्टोबर संपत आला, दुपारी साडेचारलाच अंधारून यायला लागलं. बाबा खिडकीत उभं राहून म्हणाले, "अरे, तुमच्याकडे सूर्य हाफ डे करतो का?" त्याच रात्री मी ठरवलं, यांना एक आठवडा उन्हात न्यायचं. आणि मग मी ते केलं, जे आपण सगळे इंजिनिअर करतो. एक्सेल उघडलं.

सहा दिवस, तेवीस ठिकाणं. प्रत्येक ठिकाणासमोर अंतर, वेळ, तिकीट, पार्किंग. रंग भरले. फार भारी दिसत होतं. ताईला पुण्याला पाठवलं, म्हटलं शाबासकी मिळेल. तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, शीट छान आहे. पण यात बाबा कुठे आहेत?"

मला कळेना. मग ती म्हणाली, "त्यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झालीयत. आईला घाटात गाडी लागते. तू हे सगळं तुझ्यासाठी केलंयस. त्यांना फक्त गाडीत बसवलंयस."

आजचा एपिसोड हा त्या फोननंतरच्या प्लॅनबद्दल आहे. मी ती शीट पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून केली. तेव्हा जे शिकलो ते सांगतो. तुम्ही टेनेरिफेला जा, ग्रान कनारियाला जा, नाहीतर भूमध्य समुद्रातल्या मायोर्काला जा, डोंगराळ बेट म्हटलं की हे बऱ्यापैकी लागू पडतं.

पहिली गोष्ट: किलोमीटर विसरा, उंची बघा

टेनेरिफेचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे वाटतं, एवढंसं तर आहे, एका दिवसात फिरून होईल. इथंच फसायला होतं.

उत्तर किनाऱ्यावर प्वेर्तो दे ला क्रुझ नावाचं गाव आहे. तिथून तेइदेच्या केबल कारचं खालचं स्टेशन पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. पण तुम्ही समुद्रसपाटीवरून निघून २,३५६ मीटरवर पोचता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे नाश्ता समुद्राकाठी करून तुम्ही तासाभरात कळसूबाईच्या सातशे मीटर वर असता. तिथून केबल कार आठ मिनिटांत ३,५५५ मीटरवर नेते. ही जवळपास लेहची उंची झाली. लेहला विमानानं गेलेल्यांना सांगतात ना, पहिला दिवस-दोन दिवस नुसते पडून राहा? इथं तीच उंची तुम्ही सकाळच्या कॉफीनंतर दीड-दोन तासांत गाठता. वर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. म्हणून हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असणारे आणि गरोदर बायका यांनी वर जाऊ नये असं सांगितलं जातं.

माझ्या पहिल्या शीटमध्ये दुसऱ्याच दिवशी केबल कार होती. तिकिटं जवळपास काढलीच होती. ताईच्या फोननंतर साताऱ्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवून विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं: गाडीनं दोन-अडीच हजार मीटरपर्यंत जा, हळू जा, तिथं दमायचं काही करू नका. केबल कार नाही. हा सल्ला बाबांच्या रिपोर्टवरून दिलेला आहे हं. तुमच्या घरच्यांसाठी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, माझ्या पॉडकास्टवर जाऊ नका.

मग प्रश्न आला, बाबांना सांगायचं कसं. मी आणि ताई तीन दिवस आपापसात कुजबुजत होतो. शेवटी बाबाच म्हणाले, "मला न बोलावता माझ्या हृदयाची मीटिंग चाललीय का?" मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंस. तिथं वर खिडकीपाशी सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं."

हे लक्षात ठेवा. नको असलेली गोष्ट घरी चहा पिताना बोलून टाका. तिकिटाच्या रांगेत उभं राहून बोलली की तिचं भांडण होतं.

दुसरी गोष्ट: ढग कुठल्या बाजूला आहेत ते समजून घ्या

टेनेरिफेवर एकाच दिवशी तीन वेगळी हवामानं असतात. ईशान्येकडून व्यापारी वारे येतात, समुद्रावरची ओल घेऊन. ते डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि उत्तरेच्या उतारावर ढगांचा पट्टा तयार होतो. साधारण हजार-पंधराशे मीटरच्या आसपास. उत्तर बाजू हिरवी, दक्षिण बाजू कोरडी आणि उन्हाची. आणि तेइदेचा माथा ढगांच्या वर, तिथं लख्ख ऊन.

हे मी बाबांना मोबाईलवर नकाशा दाखवून समजावत होतो. बाबा दहिवडीला शाळेत मास्तर होते. अर्ध्यातच म्हणाले, "समजलं. उत्तरेकडं महाबळेश्वर, आणि दक्षिणेकडं आपला माण तालुका." संपला विषय. मी दहा मिनिटं जे सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

उत्तरेकडच्या या करड्या ढगाला तिथले लोक 'गाढवाचं पोट' म्हणतात. खरंच, स्पॅनिशमध्ये तसाच शब्द आहे. बेटाला दोन विमानतळ आहेत, त्यातला उत्तरेचा धुक्यासाठी कुप्रसिद्ध आहे. १९७७ साली धुक्यात त्याच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली होती. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा अपघात मानला जातो. दक्षिणेचा विमानतळ त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला आणि आता सुट्टीची बरीचशी विमानं तिथंच उतरतात. घाबरवायला सांगत नाहीये. ढग इथं फक्त फोटो बिघडवत नाहीत, सगळं बेट त्यांच्याभोवती आखलेलं आहे, एवढंच सांगायचंय.

म्हणून प्लॅनचा नियम: सकाळी उठल्यावर आधी वेबकॅम बघायचा. तेइदे, उत्तर किनारा, दक्षिण किनारा, सगळीकडचे कॅमेरे ऑनलाइन दिसतात. 'सोमवारी हे, मंगळवारी ते' असं घट्ट बांधू नका. 'ढगाचा दिवस असेल तर हे, मोकळा असेल तर ते' अशा जोड्या करा. हॉटेलच्या खिडकीतून करडं आभाळ दिसलं म्हणून अंगावर पांघरूण ओढू नका. वर ऊन असू शकतं.

तिसरी गोष्ट: राहायचं कुठे

माझ्या पहिल्या शीटमध्ये सातही रात्री दक्षिणेच्या रिसॉर्टमध्ये होत्या. स्वस्त पडत होतं. पण मग उत्तरेकडं जाण्यायेण्यात रोज अडीच-तीन तास गेले असते. शेवटी आम्ही चार रात्री उत्तरेला प्वेर्तो दे ला क्रुझला आणि तीन रात्री पश्चिमेला लॉस हिगांतेसला काढल्या. सामान एकदाच बांधायचं. सोबत साठीच्या पुढची माणसं असतील तर दोनपेक्षा जास्त हॉटेलं नकोत. दर वेळी नवीन बाथरूम, नवीन गिझर, गोळ्यांची पिशवी कुठल्या बॅगेत. त्यातच ते दमतात.

अपार्टमेंट घ्यावं की हॉटेल? आम्ही छोटं हॉटेल घेतलं, आणि त्याला एक कारण होतं. २० एप्रिल २०२४ ला कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. 'कॅनरी बेटांना मर्यादा आहे' ही त्यांची घोषणा. पर्यटनाला त्यांचा विरोध नाही, पण राहती घरं पर्यटकांना भाड्यानं जातात आणि तिथल्या पोरांना भाड्याचं घर परवडत नाही, ही त्यांची तक्रार. पाण्यावर ताण येतो, हीसुद्धा. गोव्यात, लोणावळ्यात ज्यांचं घर आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण गेल्यानं जग बदलत नाही, पण निवड करताना हे माहीत असावं.

चौथी गोष्ट: कागदपत्रं आणि गाडी

पटापट सांगतो, लिहून घ्या.

कॅनरी बेटं शेंगेनमध्ये येतात. आई-बाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा होता, तोच चालला. भारतातून थेट टेनेरिफेला जाणार असाल, तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाचा व्हिसा मागायचा. म्हणजे स्पेनचा. भारतातून तिथं थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, फोटोकॉपीवर भागवू नका.

विमा: शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराला संरक्षण नसतं. आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हतं. बारीक अक्षरं आहेत म्हणून सोडू नका, तीच वाचा. बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या ब्रँडऐवजी मूळ नावासकट. तातडीचा नंबर ११२.

वेळ: बेटाचं घड्याळ मुख्य स्पेनपेक्षा एक तास मागे आहे. परतीच्या विमानाच्या दिवशी हातातलं घड्याळ आणि मोबाईल यात गोंधळ घालू नका.

गाडी: भारतीय लायसन्स असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. युरोपात भाड्याची गाडी बहुतेक वेळा हाताच्या गिअरची मिळते, ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी मागा. आणि डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड. मी ऐटीत डेबिट कार्ड पुढं केलं, त्यांनी गोड हसून परत दिलं. मग काउंटरवरच त्यांचा महागडा विमा घ्यावा लागला. एक नाही, दोन तास गेले. आई तोपर्यंत बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती आणि शेजारच्या बाईलाही देत होती.

गाडी नको असेल तर बस आहे. तिला तिथं 'ग्वाग्वा' म्हणतात. मोठ्या गावांमध्ये सेवा छान आहे. सांता क्रुझ ते ला लागुना ट्रामसुद्धा आहे. पण तेइदेवर जाणाऱ्या बसच्या फेऱ्या मोजक्या, चुकली की दिवस गेला. म्हणून मी म्हणेन, चार-पाच दिवस गाडी आणि बाकी पायी.

आता दिवसांचा हिशोब

पहिला दिवस: उतरलो, गाडी घेतली, उत्तरेला गेलो. बस्स. पहिल्या दिवशी काहीही 'बघायचं' ठेवू नका.

दुसरा दिवस: ला लागुना. जुनं शहर, सरळ रेषेतले रस्ते, लाकडी बाल्कन्या. १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. स्पॅनिश लोकांनी पुढं अमेरिका खंडात जी शहरं वसवली, त्यांच्या रस्त्यांची आखणी या गावावरून घेतली. आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सगळं सपाट. बाबांना रोज चाळीस मिनिटं चालायचं असतं, ते इथं आपोआप झालं.

तिसरा दिवस: अनागाचे डोंगर. बेटाचं ईशान्य टोक. इथं लॉरेलचं जुनं जंगल आहे, लाखो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राभोवती असायचं त्या प्रकारचं. क्रुझ देल कार्मेन नावाच्या ठिकाणी गाडी लावली की तिथूनच एक छोटी, सोपी पायवाट आहे. त्या दिवशी धुकं इतकं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. मी खट्टू झालो. आई म्हणाली, "अरे, ऐक." झाडांवरून पाणी टपकत होतं. पाऊस नव्हता. धुकंच पानांवर जमून खाली पडत होतं. हे डोक्यात ठेवा, पुढं त्याचा संबंध येतो.

चौथा दिवस: तेइदे. वेबकॅम बघितला, वर स्वच्छ ऊन. सकाळी आठला निघालो. खाली गाढवाचं पोट. गाडी चढायला लागली, ढगात शिरली, वायपर लावले, दिवे लावले. मग पाइनच्या जंगलात एका वळणावर एकदम बाहेर. निळंशार आभाळ. मागं वळून बघितलं तर ढगांचा समुद्र खाली. बाबा नुसतं "आई गं" म्हणाले. आईनं डोळे मिटलेले होते, वळणांमुळे. दर पंधरा मिनिटांनी थांबत गेलो. गुगल मॅप तासाचं अंतर दाखवत होता, आम्हाला दोन तास लागले. गुगलला आईची मळमळ कळत नाही, ती तुम्हीच मिळवायची.

प्लॅन असा होता की मी केबल कारनं वर जायचं आणि आई-बाबा खाली थांबणार. बाबांनीच सांगितलं होतं, "तू जा, मला फोटो दाखव." पोचलो तर केबल कार बंद. वारा. हे तिथं नेहमी होतं. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण मी हिरमुसलो. केबल कारच्या वरच्या स्टेशनवरून अगदी शिखरावर जायचं असेल तर वेगळा परवाना लागतो, तो बऱ्याच आधी काढावा लागतो. तोही माझ्याकडे होता. गेला वाया.

मग आम्ही तिघं जवळच्या रोकेस दे गार्सियाला गेलो. वाऱ्यानं कोरलेले उंच खडक, समोर तेइदे. गाडीतळापासून जेमतेम दहा पावलांवर. तिथं दोन तास बसलो. बाबांनी नाडी मोजली, म्हणाले, "चालतंय." जॅकेट न्या बरं का. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. आणि सावली कुठेही नाही, त्यामुळे थंडी वाजत असताना त्वचा भाजते. टोपी, सनस्क्रीन, पाणी. नोव्हेंबरमध्ये सहाच्या थोडं नंतर सूर्य मावळतो, अंधारात ते वळणांचे रस्ते नकोत. आम्ही चारलाच उतरायला लागलो.

पाचवा दिवस: मुक्काम हलवला. वाटेत इकोदचा जुना ड्रॅगन वृक्ष, मग गाराचिको. हे एके काळी बेटाचं श्रीमंत बंदर होतं. १७०६ साली ज्वालामुखी फुटला, लाव्हा बंदरात उतरला आणि बंदर बुजलं. त्याच लाव्हाच्या खडकांत आता समुद्राचं पाणी साठतं आणि लोक पोहतात. लाटा मोठ्या असतील तर तो भाग बंद असतो. लाल झेंडा दिसला की वाद घालायचा नाही, अटलांटिक आहे हा.

सहावा दिवस: लॉस हिगांतेसचे कडे आणि बोटीतून व्हेल. टेनेरिफे आणि शेजारचं ला गोमेरा बेट यांच्या मधल्या समुद्रात पायलट व्हेल वर्षभर राहतात, त्यामुळे दिसायची शक्यता चांगली. परवानगी असलेली बोटच घ्या, जी प्राण्यांपासून अंतर राखते. दुपारी मास्का. डोंगराच्या घळीतलं इवलंसं गाव, आणि रस्ता म्हणजे आपला आंबेनळी घाट अजून अरुंद केला तर जसा होईल तसा. पहिल्या शीटमध्ये मी गावात उतरून खालची दरीही करणार होतो. त्या दरीच्या वाटेला आधी नोंदणी लागते आणि गुडघे लागतात. आम्ही वरच्या चेर्फे नावाच्या थांब्यावर उभे राहिलो, गाव वरून बघितलं, माघारी आलो. आई म्हणाली, "दिसलं की सगळं. खाली काय वेगळं असणार?" मला वाद घालायचा होता. घातला नाही.

खाण्याचं काय?

आई शाकाहारी, त्यामुळे हा प्रश्न येणारच. तिथला तारणहार म्हणजे 'पापास आरुगादास'. खाऱ्या पाण्यात सालीसकट उकडलेले छोटे बटाटे, वर मिठाचा पांढरा थर, सोबत 'मोहो' नावाची चटणी. लाल मिरचीची आणि हिरवी कोथिंबिरीची. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "लसूण बरोबर पडलाय." याहून मोठं प्रमाणपत्र आमच्या घरात नाही. शिवाय भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीज. आणि 'गोफियो', म्हणजे भाजलेल्या मक्याचं किंवा गव्हाचं पीठ. वास थेट आपल्या भाजणीचा. पण त्याची गरम लापशी बऱ्याचदा माशाच्या किंवा मांसाच्या रश्श्यात करतात, विचारून घ्या. साधं सॅलड मागवलं तरी वर ट्यूना मासा येतो. दोन शब्द पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो'. मांस नको, मासे नको.

आणि तो मोकळा रकाना

सातवा दिवस मी शीटमध्ये रिकामा ठेवला होता. ताईचा आग्रह होता. आपण ऑफिसात प्रत्येक रिलीजला बफर ठेवतो, पण सुट्टीला ठेवत नाही. मी मनात ठरवलं होतं, केबल कार चुकली तर इथं वापरायची.

सकाळी सहाला मोबाईल बघितला. केबल कार चालू. तेइदे तासाभरावर. खरं सांगतो, माझी पावलं बुटात होती.

पण तीन दिवस बाबा एकच गोष्ट विचारत होते. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे अरुंद पाट दिसायचे, डोंगरातून येणारे. "अरे, इथं नदी नाही, धरण दिसत नाही. मग हे पाणी कुठलं?" मी प्रत्येक वेळी "बघू नंतर" म्हणत होतो. त्या सकाळी बाबा गॅलरीत उभं राहून खाली केळीच्या बागा बघत होते. पाऊस नसलेल्या बाजूला, हिरव्यागार केळी. मी बूट काढले आणि त्यांच्याजवळ बसून वाचायला लागलो.

टेनेरिफेवर डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणलेत. काही बोगदे कित्येक किलोमीटर लांब. असे हजाराहून जास्त आहेत. पावसाचं, बर्फाचं आणि त्या धुक्याचं पाणी शतकानुशतकं खडकात मुरतं, ते या बोगद्यांतून उतारानं बाहेर येतं आणि पाटांतून गावांना, शेतांना जातं. हे बोगदे बऱ्याचदा गावातल्या लोकांनीच पैसे जमवून खणले, आणि पाण्यात त्यांचे हिस्से असतात. अगदी शेअरसारखे. बाबा म्हणाले, "पाण्याचे शेअर?" आणि मग हसले. ज्या माणसानं आयुष्यभर शाळेच्या अंगणात टँकरची वाट बघितली, त्याचं ते हसणं होतं.

दिवसभर आम्ही तेच केलं. खालच्या गावात गेलो, पाटाकाठनं चाललो. एका बागेच्या भिंतीपाशी एक म्हातारा शेतकरी भेटला. त्याला इंग्रजी येईना, आम्हाला स्पॅनिश. मोबाईल भाषांतर करत होता, तेही अर्धवट. पण 'पाण्याची पाळी' या विषयावर ते दोघं मोबाईलशिवाय बोलत होते. हातांनी, घड्याळ दाखवून. त्यानं जाताना केळ्यांची एक फणी दिली. छोटी, गोड केळी. आईनं त्याला उरलेले लाडू दिले.

अनागात ज्या धुक्यावर मी चिडलो होतो ना, त्याच धुक्याचं पाणी डोंगरात मुरतं. हे मी केबल कारमध्ये असतो तर मला कळलं नसतं.

वर गेलो नाही याची हळहळ आहे का? आहे. खोटं कशाला बोलू. ३,५५५ मीटर हा आकडा अजून डोक्यात आहे. पुन्हा जाईन, एकटा किंवा मित्रांसोबत, तेव्हा करीन. ते शिखर कुठं जात नाही. बाबांना मात्र पुढच्या वेळी कुठल्या उंचीपर्यंत परवानगी मिळेल, ते मला माहीत नाही.

तर मंडळी, शेवटी थोडक्यात. डोंगराळ बेटाचा प्लॅन करताना पहिल्या रकान्यात ठिकाणाचं नाव लिहू नका. सोबत येणाऱ्या माणसांची नावं लिहा. पुढच्या रकान्यात प्रत्येकाला काय झेपतं आणि काय आवडतं. मग उंची, मग ढग, मग हॉटेल. अंतर सगळ्यात शेवटी. आणि एक दिवस मोकळा. तो कशासाठी लागेल ते आधी कळत नाही, म्हणूनच मोकळा ठेवायचा.

तुम्ही आई-बाबांना कुठं घेऊन गेला असाल, आणि प्लॅन फसून काहीतरी बरं झालं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हो, हा एपिसोड तुमच्या ताईला पाठवा. शीट तिलाच तपासायचीय.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!